पाटीवरची कुस्ती

हे लिहायला बसताना मला संकोच वाटतो आहे. आमच्या घरात माझ्या आधी कुणाला सही करता येत नव्हती. आबा अंगठा करायचे. आईवर अंगठा द्यायची वेळ आली की ती आधी हात पदराला स्वच्छ पुसायची, प्रसाद घेताना पुसावा तसा. अशा घरातल्या माणसानं स्वतःबद्दल पानंच्या पानं भरावीत हा थोडा आगाऊपणाच झाला, त्याबद्दल वाचणाऱ्यानं मला समजून घ्यावं. पण माझी खरी अडचण ती नाही. चार लोकांनी वाचावं म्हणून मी आजवर एकदाच लिहिलं. त्यातला एक मजकूर जेमतेम बारा ओळींचा, आणि त्या बारांतली एक ओळ खोटी होती. त्या एका ओळीबद्दल सांगायचं म्हणून हे बाकीचं सगळं लिहितो आहे.

आमचं गाव नगर रस्त्यावर, खराडीच्या पुढं. आता त्याला गाव म्हटलं की नवीन राहायला आलेली माणसं हसतात. पण माझ्या लहानपणी ते बाजाराचं गाव होतं, आणि पंचक्रोशीतली माणसं ‘बुधवारी येतो’ म्हणाली की कुठं येणार हे विचारावं लागत नसे. बुधवारी पहाटेपासून बैलांच्या घुंगरांचा आवाज, मग टेम्पोचे भोंगे, मग तोंडात बोटं घालून मारलेल्या व्यापाऱ्यांच्या शिट्ट्या. दुपारपर्यंत धुळीला मिरचीचा आणि गुळाचा वास चढायचा. आबा त्या बाजारात हमाली करायचे. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या मानेवर गोणपाटाची जाळी उठलेली असायची, आणि हातात गोडीशेवेचा पुडा. आई बाजरीची भाकरी थापत असायची, तव्यावर लसणाची फोडणी तडतडत असायची, आणि या सगळ्याच्या मागे एक आवाज असायचा तो तालमीचा.

आमच्या घराची मागची भिंत आणि गावच्या तालमीची भिंत एकच होती. पलीकडे तांबड्या मातीचा हौदा. पहाटे पोरं जोर काढायची त्याचे हुंकार, शड्डू ठोकल्याचे आवाज, आणि मधूनच कुणी पडल्याचा धप्प असा दबका आवाज. त्या आवाजानं आमच्या फळीवरची पितळेची भांडी किंचित थरथरायची. मी अभ्यास करायचो तो त्या भिंतीला पाठ लावून, त्यामुळे पानिपतच्या कारणांबरोबर ते धक्केही माझ्या पाठीत बसले आहेत. तालीम पाडून आता कैक वर्षं झाली. मी राहतो ती इमारत वाघोलीला आहे, तिची मागची भिंत कशालाच टेकलेली नाही. तरी कधी जेवताना पाठीला धक्का जाणवतो आणि माझा हात आपोआप थांबतो. बायको म्हणते, वरच्या मजल्यावर मुलं उड्या मारतात. असेल तसं.

रोज सकाळी आमच्याकडे सोपानकाका यायचे. तालमीला लागून त्यांचं रान होतं आणि गोठा होता. धारा काढून झाल्या की ते पेपर काखेत मारून यायचे, आई त्यांच्यापुढं पितळीत चहा ठेवायची आणि ते आबांना पेपर वाचून दाखवायचे. सोपानकाका चौथी पास होते. ते सावकाश, प्रत्येक शब्दाला हात लावून पाहिल्यासारखं वाचायचे. बाजारभाव, अपघात, दिल्लीतली भांडणं, सगळं एकाच सुरात. आबा डोळे मिटून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, “ते फिरून वाच रं.” आणि सोपानकाका पहिल्यापासून वाचायचे, कंटाळा न करता.

हे दोघं तरुणपणी पैलवान होते. आमच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात शेवटची कुस्ती मानाची असते आणि तिचं बक्षीस म्हणजे एक फेटा. मी जन्मायच्या आधी एका वर्षी ती कुस्ती या दोघांत लागली. दुपार कलल्यापासून दिवस मावळेपर्यंत चालली, हलगी वाजवणाऱ्याचे हात भरून आले, तरी दोघांपैकी कुणाचीच पाठ मातीला लागेना. तेव्हा पंचांनी कुस्ती सोडवली. आमच्या गावची रीत अशी, की मानाची कुस्ती बरोबरीत सुटली तर फेटा कापून निम्मानिम्मा द्यायचा. कापडवाल्याच्या दुकानातून कात्री आणली आणि भर फडात फेटा कापला. तेव्हापासून दर जत्रेला दोघं आपापला निम्मा फेटा बांधून यायचे. निम्म्या फेट्याचे डोक्याला दोनच वेढे होतात, मागे सोडायला शेमला उरत नाही. पोरं ओरडायची, “निम्मे पैलवान आले, निम्मे पैलवान आले!” आणि आबा म्हणायचे, “आरं, दोघं मिळून एक पुरा हाय. तुमच्यातला एक तरी पुरा हाय का बघा.” हमालाच्या घरात अभिमान बाळगावा असं फार काही नसतं. आमच्याकडे तेवढं एक होतं.

मी बारावी झालो आणि शहरातल्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए.ला गेलो, तेव्हा आमच्या आळीत कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्याच सुमारास खराडीकडे काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या. रविवारी तिथली माणसं गाड्या काढून आमच्या बाजूला यायची, बारव बघायची, जुन्या वेशीपाशी फोटो काढायची. गावातले तात्या, ज्यांनी स्वतःच्या रानात प्लॉट पाडून बांधकामाचा धंदा सुरू केला होता, त्यांच्या डोक्यात आलं की गावाचं नीट दर्शन घडवावं. वेस, बारव, वीरगळ, मारुतीचं देऊळ आणि तालीम, अशा पाच ठिकाणी पाट्या लावायच्या. मजकूर कोण लिहिणार? तात्या आमच्या दारात उभे राहून म्हणाले, “बबन, तुझं पोरगं इतिहास शिकतंय म्हणं. मेलेल्या राजांचा शिकून झाला असंल तर जरा जित्या गावाचा लिहायला सांग.” आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला नाही म्हणता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं.

पंधरा दिवस मी म्हाताऱ्यांना भेटत हिंडलो. बारवेच्या पायऱ्या मोजल्या, वीरगळावरची चित्रं कागदावर उतरवली. तालमीच्या पाटीसाठी बारा ओळी लिहिल्या. त्यातली नववी ओळ अशी होती: मानाची अखेरची कुस्ती बबन व सोपान या पैलवानांमध्ये होऊन बरोबरीत सुटली. पाचही मजकूर घेऊन मी शहरातल्या पेठेत एका जुन्या पेंटरकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, नाकावर चष्मा, अंगात रंगाचे डाग पडलेली बंडी. त्यांनी चार पाट्यांचे मजकूर काही न बोलता वाचले. पाचव्याशी थांबले.

“आपण इतिहास शिकता ना?”

“हो.”

“मग निकाल कसा माहीत नाही?”

“निकाल हाच आहे. बरोबरीत सुटली.”

“अहो, मग पाटी कशाला? न लागलेला निकाल वाचायला लोक नगर रस्त्यानं धूळ खात कशाला येतील? ते कोर्टात जाऊन बसतील.” मग मान वर न करता ते म्हणाले, “सांगा, काय घालू? मला दुसरीही कामं आहेत.”

त्या क्षणाकडे मी इतक्या वेळा परत गेलो आहे की तो आता झिजून गुळगुळीत झाला आहे. त्या पेंटरना दोष देता येत नाही, त्यांनी मला काही बदलायला सांगितलंच नव्हतं. त्यांच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती हसली. मला माझ्या गावाची, माझ्या ओळीची, त्या कापलेल्या फेट्याची एकदम लाज वाटली. आणि तिच्याखाली दुसरं काहीतरी होतं, ते आज कबूल करतो. मी तीन वर्षांचा असल्यापासून आबांना लोकांच्या गोण्या वाहताना बघत आलो होतो. मला वाटलं, हा माणूस एकदा तरी जिंकलेला असावा. मी पेंटरच्याच पेन्सिलीनं ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: मानाची अखेरची कुस्ती बबन पैलवान यांनी सोपान पैलवान यांस चितपट करून जिंकली. पेंटर म्हणाले, “हां. आता काहीतरी झालं.”

पाट्या लागल्या त्या दिवशी तात्यांनी नारळ फोडले, पेढे वाटले. माणसं एका पाटीवरून दुसऱ्या पाटीकडे जात शेवटी तालमीपाशी आली. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं होती. आबांनी ती खालपासून वरपर्यंत बघितली, चित्र बघावं तशी, आणि म्हणाले, “सोपान, वाच की रं. पोरानं काय लिवलंय ते आयकू दे समद्यांस्नी.”

मी काही करू शकलो असतो. मी वाचतो, असं म्हणू शकलो असतो. सोपानकाकांनी चष्मा लावला आणि आपल्या पेपरच्या सुरात वाचायला सुरुवात केली. तालीम कुणी बांधली, हौद्यात माती कुठली, तिच्यात ताक आणि हळद का घालतात. आठ ओळी झाल्या. नवव्या ओळीशी ते थांबले. त्यांचं बोट हवेतच राहिलं. मला वाटतं त्यांनी ती ओळ मनात दोनदा वाचली असावी. मग त्यांनी घसा खाकरला आणि त्याच सुरात मोठ्यानं म्हणाले, “मानाची अखेरची कुस्ती बबन आणि सोपान पैलवान यांच्यात झाली. दिवस मावळेपातुर चालली आणि बरोबरीत सुटली.” मग पुढच्या तीन ओळी नीट जशा होत्या तशा वाचल्या.

“बघा,” आबा सगळ्यांना म्हणाले, “कसं झ्याक लिवलंय.”

“लई झ्याक लिवलंय,” सोपानकाका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि तो पुसत असताना एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. दारात पत्ता विचारत आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसे ते बघत होते.

ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ती कुस्ती पाहिली नव्हती, आणि ज्यांनी पाहिली होती त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. तरी गोष्ट काही फार दिवस झाकली राहिली नसणार. तात्यांना तर मीच जाऊन सांगितलं, पाटी चुकली आहे, बदलायला हवी. ते म्हणाले, “जिंकला तो गावचा, हरला तो बी गावचा. बाहेरच्यानं तर न्हाय ना नेली? पुढच्या टायमाला रंग मारू तवा बघू.” आबांना कुणी सांगितलं होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. रविवारी पाहुणे यायचे, मी त्यांना गाव दाखवायचो. ते पाटी वाचायचे आणि आबांच्या भोवती गोळा व्हायचे. “अंकल, यू आर द चॅम्पियन!” आबा हसून दोन बोटं वर करायचे. आम्ही दोघं, असं त्यांना म्हणायचं असायचं. पाहुण्यांना ती विजयाची खूण वाटायची आणि ते खटाखट फोटो काढायचे. एकदा एका मुलीनं गोठ्याकडे बोट दाखवून मला विचारलं, “आणि हरले ते हेच का?” सोपानकाका म्हशीच्या पाठीवर पाणी ओतत होते. त्यांनी ऐकलं. ऐकून ते पाणी ओतत राहिले. मी त्या मुलीला म्हणालो, “चला, आपल्याला बारव बघायची आहे.”

मग जत्रा आली. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या, पण जेवायला आलेल्या पाहुण्यांत सोपानकाका नव्हते. दुपारी फडाला माती पसरली, हलगी कडाडायला लागली. आबा निम्मा फेटा बांधून नेहमीच्या जागी बसले आणि शेजारची जागा त्यांनी हातानं झाडून ठेवली. सोपानकाका आले ते डोक्याला पांढरी टोपी घालून. पोरं ओरडायला तयार होती, ती टोपी बघून गप्प झाली.

आबा म्हणाले, “आरं, फेटा कुठाय तुझा?”

“तुझ्याकडं हाय की पुरा.”

“म्हंजी?”

“म्हंजी काय. बस. कुस्त्या बघ.”

ते पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. आबा बराच वेळ त्या टोपीकडे बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, “ह्याला काय झालं रं?” हलगीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या वर्षीची शेवटची कुस्ती कुणी मारली हे मला आठवत नाही. मला फक्त आबांच्या डोक्यावरचे ते दोन वेढे आठवतात, आणि शेजारची झाडलेली रिकामी जागा. तिथं कुणी बसायला आलं की ते म्हणायचे, “माणूस यायचाय.”

दुसऱ्या दिवसापासून सोपानकाका चहाला आले नाहीत. आई दोन दिवस पितळी भरून ठेवायची आणि चहा निवला की परत पातेल्यात ओतायची. तिसऱ्या दिवशी तिनं पितळी फळीवर पालथी घातली. मी पेपर आणायला लागलो आणि वाचून दाखवायला लागलो. आबा ऐकायचे, पण डोळे मिटायचे नाहीत. एकदा म्हणाले, “तू लई घाईत वाचतोस. सोपान शब्द पोचवायचा.” तेव्हा मी सांगायला हवं होतं. रोज सकाळी पेपरची घडी उलगडताना मी स्वतःला सांगायचो, आज. मग पहिली बातमी वाचून व्हायची, दुसरी व्हायची.

वर्षभरात सोपानकाकांनी रान तात्यांनाच विकलं. त्या काळी पुष्कळांनी रानं विकली. त्यांच्या पोरांनी सासवडच्या पुढं जमीन घेतली आणि सगळं घर तिकडं गेलं. जाताना टेम्पोत म्हशी चढवल्या, सामान बांधलं. आबा दारात उभे होते. सोपानकाकांनी लांबून हात वर केला. आबांनीही केला. तीस वर्षं रोज भेटणाऱ्या दोन माणसांचा निरोप एवढाच झाला, आणि दोघांच्या मध्ये मी भिंतीला टेकून उभा होतो.

एकदा मी गेलो होतो. नोकरी लागली त्या वर्षी स्वारगेटला गाडी पकडली, सगळा रस्ता मनात वाक्यं जुळवत गेलो. त्यांच्या गावी उतरलो तर समोर देवळाच्या पारावर सोपानकाका बसलेले, भोवती चारपाच म्हातारे, आणि ते पेपर वाचून दाखवत होते. तोच सूर. मी रसवंतीच्या आडोशाला उभा राहून ऐकलं. एक म्हातारा म्हणाला, “ते फिरून वाचा,” आणि ते फिरून वाचायला लागले. मला पुढं होता आलं नाही. त्यांची घडी पुन्हा बसली आहे, ती आपण विस्कटू नये, असं मी मनाला सांगितलं आणि परतीच्या गाडीत बसलो. खरं कारण ते नव्हतं. मला त्यांच्या तोंडून ती ओळ ऐकायची भीती वाटत होती.

आबा गेले तेव्हाही मी सोपानकाकांना निरोप पाठवला नाही. नात्यातल्या, बाजारातल्या सगळ्यांना कळवलं. सासवडकडे माणूस पाठवायचा का, असं आईनं विचारलं, मी म्हणालो, इतक्या लांबून म्हातारा माणूस कशाला दगदग करून घेईल. आई माझ्याकडे बघत राहिली. मी जन्मभर जे काही चुकीचं केलं त्यात हे पाटीपेक्षा मोठं, असं मला अलीकडे वाटायला लागलं आहे.

तालमीच्या जागी आता बावीस मजली इमारत आहे. तिच्या फाटकाशी त्यांनी गावाचा वारसा म्हणून एक कोपरा केला आहे, हिरवळ, दिवे, आणि माझ्या बारा ओळी. पत्र्यावरचा रंग उडून जाईल अशी मला आशा होती. त्यांनी तो मजकूर ग्रॅनाइटवर कोरला आहे.

मी वाघोलीच्या एका कॉलेजच्या कार्यालयात काम करतो. मागच्या महिन्यात खराडीच्या एका कंपनीची माणसं मुलांच्या मुलाखती घ्यायला आली होती. त्यांतला एक तरुण कागदांवर सही घ्यायला माझ्या टेबलाशी आला आणि नावाची पट्टी वाचून घुटमळला.

“सर, सॉरी, पर्सनल आहे थोडं. तुम्ही बबन पैलवानांचे कोण?”

मी सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. “मी सोपान पैलवानांचा नातू.”

मी त्याला बसायला सांगितलं. शिपायाला चहा आणायला सांगितलं. काका कसे आहेत, हे विचारायला मला चहा येईपर्यंतचा वेळ लागला.

“आजोबा गेले ना, सर. दोन वर्षं झाली. तुम्हाला कळवायचं होतं, पण कुणाकडे नंबरच नव्हता.” मग तो हसत, आपल्या घरातली आवडती गोष्ट सांगावी तसं सांगायला लागला. “आम्ही सगळी नातवंडं तुमच्या वडिलांना ओळखतो. आजोबा सारखं त्या कुस्तीचं सांगायचे. मी लहान असताना म्हणायचो, तुम्ही हरलात तर एवढं कौतुकानं काय सांगता? तर म्हणायचे, पडायला बी तसा गडी लागतो. अंगणात उभं राहून दाखवायचे पण. बबननं असा पाय घातला, असं उचललं, आणि मी असा गेलो. ऐंशीचे होते, सर, तरी आजी ओरडत असायची आणि ते जमिनीवर उताणे पडून दाखवायचे, दोन्ही खांदे टेकवून. म्हणायचे, नीट बघून ठेवा, असा पडलो होतो मी.”